कासवाचं एकच वाक्य

तिला सगळे टकळी म्हणायचे, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. ही सकाळी आधी तोंड उघडते आणि मग डोळे, असं खुद्द तिच्या आईचं म्हणणं होतं, आणि आई काही तिखटमीठ लावून सांगणारी बाई नव्हती. पलीकडच्या खोलीत कुणी शिंकलं तर टकळी भिंतीतून विचारायची, रात्री गार पाणी कशाला प्यायलात म्हणून.

तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तोही काही कमी बोलका नव्हता. पण जगाची रीत बघा. टकळी बोलली की बडबड आणि दादा बोलला की तात्पर्य. दादाची मुलांसाठी नाटकमंडळी होती आणि तिथे फक्त पक्ष्यांच्या जुन्या गोष्टी व्हायच्या. मडक्यात खडे टाकणारा कावळा, जाळ्यासकट उडालेली कबुतरं, असल्या. गोष्ट संपली की दादा कावळ्याच्या काळ्या वेषात पुढे यायचा, पंख फडफडवायचा आणि विचारायचा, "तर मुलांनो, तात्पर्य काय?" विचारायचा मुलांना आणि सांगायचा स्वतःच. मुलांना फडफड फार आवडायची. तात्पर्य सुरू झालं की ती खुर्चीखाली बूट शोधायला वाकायची. पण हे दादाला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच तयार नव्हतं.

घरीही तेच. दूध उतू गेलं, तात्पर्य. चपलेचा अंगठा तुटला, तात्पर्य. टकळीसाठी तर त्याने एक खास ठेवणीतलं काढलं होतं. ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून तो तिला कासवाची गोष्ट ऐकवायचा. तळं आटलं. दोन राजहंसांनी एका काठीची दोन टोकं चोचीत धरली, त्यांच्या मित्राने, कासवाने, ती मधोमध तोंडात पकडली आणि तिघं उडाले. खाली लोक हसले, कासवाला राहवेना, ते बोलायला गेलं आणि पडून मेलं. "म्हणून गप्प बस," हे दादाचं तात्पर्य. टकळीने एकदा विचारलं होतं की हंसांनी निघायच्या आधी त्याला पोटभर बोलून का नाही घेऊ दिलं? दादाने तात्पर्यच पुन्हा एकदा सांगितलं.

आता टकळीची बाजूही ऐका. दिवसभर ती एका कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. तिथे यंत्रांचा असा धडधडाट, की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. इतके तास मुकाट राहिलेल्या बाईने संध्याकाळी बोलायचं नाही तर काय करायचं? आणि रंगमंच म्हणजे तिचा जीव की प्राण. दिवे लागले, समोर अंधारात मुलांची कुजबुज सुरू झाली की तिला वाटायचं, आपण खरं तर याच्यासाठीच जन्माला आलो. बाकी सगळं मधल्या वेळेत.

पण जिभेला हाड नाही ना. मोराची पिसं खोचून मिरवणाऱ्या कावळ्याच्या नाटकात ती झाड झाली होती. नुसतं उभं राहायचं. मोर त्या कावळ्याला बडवायला लागले आणि झाडाला ते बघवेना. झाड म्हणालं, "अरे, मारताय कशाला? पिसं परत घ्या की." प्रेक्षक पोट धरधरून हसले आणि त्या गदारोळात दादाचं तात्पर्य वाहून गेलं. पडदा पडल्यावर तो कडाडला की झाड कधी बोलतं का? टकळी म्हणाली, मोर बोलतात ते चालतं वाटतं. मुद्दा बिनतोड होता, पण वेळ चुकली होती.

त्यानंतर दादाने कासवाची गोष्ट बसवायला घेतली आणि कासव म्हणून टकळीला उभं केलं. सगळी मंडळी गालातल्या गालात हसत होती. सबंध नाटकात तिला एकच वाक्य, तेही शेवटी. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "या वाक्याच्या आधी तोंडातून एक शब्द जरी निघाला, तर उद्यापासून तू तिकीटखिडकीत बसायचं. कायमचं." टकळीला ठाऊक होतं, दादा तात्पर्य बदलेल पण शब्द बदलणार नाही.

नाटकात उडणं खरोखरीचं होतं. रंगमंचाच्या वर लाकडी माळा, माळ्याखाली लोखंडी रूळ आणि त्या रुळावरून तिघांचे दोर सरकायचे. दोन हंस आणि मधे, जरा खाली, कासव. प्रत्येकाच्या कमरेला वेषाच्या आत जाड पट्टा आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक आकडा, दोराच्या कडीत अडकवायचा. काठी फक्त दाखवायला. माळ्यावर दोर सांभाळायला जो माणूस होता त्याला सगळे 'वरचा' म्हणत. त्यामुळे मंडळीत कुणालाही काही विचारा, उत्तर ठरलेलं, "सगळं वरच्याच्या हातात."

वरच्याची एकच अडचण होती. पुठ्ठ्याचे ढग मधे आल्यामुळे त्याला खालचं काही दिसायचं नाही. म्हणून ठरलं असं, की तिसऱ्या फेरीत कासव गावावर आलं की "लोकहो, बघताय काय!" असं म्हणेल आणि तो आवाज कानावर पडताच वरचा कासवाच्या दोराचा खटका सोडेल. पुठ्ठ्याच्या घरांमागे तोवर दोघं जण जाड गादी सरकवून ठेवतील. कासव धप्पकन गादीवर. तालमीत टकळीला एकदा शिंक आली, तर वरच्याने तिला तिथल्या तिथे सोडून दिलं. नशीब की गादी होती. वर तो म्हणतो कसा, आवाज आला, सोडलं, शिंक की वाक्य ते मला काय ठाऊक.

हंस झाले होते वहिनी आणि मंडळीचा शिंपी. वहिनी म्हणजे दादाची बायको, तोंडात मूग धरून बसणाऱ्यांची राणी. घरात दादा आणि टकळी दोघं सुरू झाले की ती नुसती भांडी जरा जोरात ठेवायची. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. टकळी सांगायला लागली की वहिनी अर्धं ऐकायची आणि अर्धं सोडून द्यायची. आणि शिंपी? हाडाचा हौशी. प्रयोगाच्या सकाळी त्याला वाटलं, हंस कमरेत रोड दिसतायत. त्याने बसून दोन्ही वेषांच्या कमरेला पांढऱ्या पिसांची नवी झालर लावली. दिसायला लागले मात्र झकास.

प्रयोगाला सभागृह गच्च भरलं. मागे उभ्या असलेल्या आया मुलांना कडेवर घेऊन हलत होत्या. टकळीला विंगेतून ते दिसलं आणि तिच्या अंगावर काटाच आला. तिने वहिनीला, शिंप्याला, गादीवाल्यांना, सगळ्यांना सांगून टाकलं की आज बघा, मी जीभ टाळ्याला चिकटवून ठेवणार आहे, आणि हे सांगायलाच तिला पाच मिनिटं लागली. मग आकडे लागले. टक, टक, टक. प्रत्येक आकड्याचा आवाज दादाने स्वतः कान देऊन ऐकला. पडदा वर गेला आणि तिघं उडाले.

काय ओरडली मुलं! पहिल्या फेरीला त्यांनी नुसता कल्ला केला. टकळीचे दोन्ही हात कवचाच्या आत बांधलेले, तोंडात काठी, पाय मागे. खाली निळ्या कापडाचं तळं, समोर शेकडो तोंडं आ वासून बघतायत. तिला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. दुसरी फेरी सुरू झाली.

आणि तिचं लक्ष वहिनीच्या कमरेकडे गेलं.

टकळीच्या बाजूचा आकडा बंद नव्हता. त्याच्या जिभेत शिंप्याचं एक पांढरंशुभ्र पीस अडकलं होतं. टक आवाज झाला होता तो त्या पिसावर. आता हलताना ते पीस चुरगळत होतं, आकड्याची जीभ मागे सरत होती आणि दोराची कडी तोंडाशी येऊन बसली होती. पुढच्या टोकाला वळताना हंस आतल्या अंगाला कलायचे. वहिनी कलली की सगळा भार याच आकड्यावर येणार. मग ती एका बाजूला लटकणार, उलटी होणार, पट्ट्यातून निसटणार आणि डोक्यावर आपटणार.

वहिनीला स्वतःची कंबर दिसत नव्हती. शिंपी पलीकडे. विंगेतल्या दादाला हंसाच्या पंखाआडचं काही दिसणं शक्य नव्हतं. दिसत होतं एकट्या टकळीला, आणि तिच्या तोंडात काठी. जीव टांगणीला लागणं म्हणतात ना, ते इथे अगदी शब्दशः होतं.

तिने आधी डोळे फिरवले. वहिनीकडे बघून भुवया उडवल्या, मान आकड्याकडे झटकली. मुलं खदखदून हसली. वहिनीला वाटलं, झालं हिचं सुरू, आणि तिने डोळे वटारले. टकळीने पाय झाडले. मुलं आणखी हसली. विंगेतून दादाची दबकी आरोळी आली की चाळे बंद कर. आता काय करावं बाईने? एरवी ती इतके चाळे करायची की खरे हातवारे केले तरी ते चाळेच दिसत होते. लांडगा आला रे आला, तशातली गत.

उरलं बोलणं. पण बोललं की वरचा खटका सोडणार, आणि खाली गादी नव्हती. गादी गावामागे, तीही तिसऱ्या फेरीत. खाली होतं तळं, म्हणजे लाकडी चौकट, फळ्या आणि त्यावर ताणलेलं निळं कापड. दीड पुरुष उंचीवरून. शिवाय तिकीटखिडकी. तेही तिच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. गप्प बसली तर तिचं काहीच बिघडणार नव्हतं. उलट जन्मात पहिल्यांदा दादाने तिची पाठ थोपटली असती.

वळण जवळ आलं होतं आणि टकळीच्या डोक्यात वाक्य तयार होत होतं. पहिलं झालं ते असं, की वहिनी, अगं तुझ्या कमरेचा आकडा नीट बसलेलाच नाही, शिंप्याचं पीस अडकलंय त्यात, तू कलू नकोस आणि आधी दोर धर. छे! एवढं बोलेपर्यंत ती स्वतःच फळ्यांवर आपटून कण्हायलाही लागली असती. तिने शिंपी काढला, पीस काढलं, 'अगं' काढला. उरलं, वहिनी, आकडा सुटतोय, दोर धर. तेही लांब. शिवाय 'आकडा' म्हटलं की वहिनी आकडा बघायला वळणार, आणि वळली की संपलं. आकडाही काढला. आयुष्यभर शब्दांची उधळपट्टी केलेली बाई, एकेक शब्द जिवावर उदार होऊन टाकून देत होती. शेवटी तीन उरले. त्यातला एकही कमी करता येत नव्हता.

वहिनीचा खांदा कलायला लागला. टकळीने काठी सोडली.

"वहिनी, दोर धर."

'वहिनी' म्हणेपर्यंत वर खटका वाजला होता. 'दोर' म्हणाली तेव्हा ती खाली निघाली होती. 'धर' तिने पडता पडताच म्हटलं, आणि मग फळ्यांचा असा काही आवाज झाला की पहिल्या रांगेतल्या आया उठून उभ्या राहिल्या.

पण मुलं? मुलं आनंदाने किंचाळली. गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक होती. कासव बोललं आणि कासव पडलं, जसं पडायला हवं तसं. टाळ्यांचा कडकडाट झाला. वर शिंपी पंख पसरून भांबावल्यासारखा लटकत होता आणि वहिनीने डोक्यावरचा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तिचा एक आकडा मोकळा लोंबत होता, पण पिसांच्या झालरीत तो कुणालाच दिसत नव्हता.

विंगेत दादाचं रक्त उकळत होतं. गावाचा प्रवेश बुडाला, तिसरी फेरी बुडाली, सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं, आणि कुणामुळे, तर हिच्यामुळे. पण अनुभवी माणूस. गोष्ट संपली म्हणजे संपली. तो कावळा होऊन पुढे आला, पंख फडफडवले आणि तळ्याकडे रोखून बघत म्हणाला, "तर मुलांनो, तात्पर्य काय? बघा, गप्प बसवलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि जो नको तेव्हा तोंड उघडतो, त्याचं शेवटी हे असं होतं."

टकळीला सगळं ऐकू येत होतं. कवच तडकलं होतं, एक पाय तिला भलत्याच दिशेला वळलेला दिसत होता, श्वास छातीत अडकला होता, आणि एवढ्या भरल्या सभागृहात सख्खा भाऊ तिचं तात्पर्य सांगत होता. तिला रडूही फुटेना.

"अहो, थांबा."

आवाज वरून आला. दादाने आधी माळ्याकडेच पाहिलं. पण बोलत होती वहिनी. घरात भांड्यांनी बोलणारी वहिनी, दोराला लटकून, शेकडो माणसांसमोर नवऱ्याला अहो म्हणत होती.

"तात्पर्य चुकलंय तुमचं," ती म्हणाली. "माझा आकडा सुटला होता. तिने तोंड उघडलं म्हणून मी अजून वर आहे."

दादाचे पंख तसेच उघडे राहिले.

"आणि ती तीनच शब्द बोलली," वहिनी पुढे म्हणाली. "आपली टकळी, तीनच शब्द. तेव्हाच मला कळलं की हे खरं आहे. मी विचारसुद्धा केला नाही, दोर धरला."

शिंप्याने वरूनच वाकून तो लोंबता आकडा पाहिला, त्याच्या जिभेतलं अर्धवट चुरगळलेलं पीस पाहिलं, आणि त्याचा चेहरा त्या पिसाहून पांढरा पडला. कुणीतरी पडदा ओढला. वरचा दोन्ही हंसांना हळूहळू खाली घ्यायला लागला आणि तो अपराध्यासारखा वरून पुन्हा पुन्हा विचारत होता, लागलं का, फार लागलं का तिला.

दादा तळ्याकडे धावला. पंख तळ्याच्या चौकटीच्या खिळ्यात अडकला, तो त्याने तसाच टरकावला आणि फळ्यांवर गुडघे टेकले. टकळी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ज्या शांततेसाठी दादाने उभा जन्म गोष्टी सांगितल्या, ती शांतता आता त्याच्या पुढ्यात पडली होती.

"ए, बोल ना गं," तो म्हणाला. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. काळा रंग तिच्या गालांना लागला. "बोल काहीतरी. काहीही बोल. टकळे, बोल ना."

टकळीने एक मोठा श्वास आत ओढला. दुखलं तिला, दिसत होतं. मग ती हळूच म्हणाली, "दादा, तळं खरंच आटलंय रे."

दादा हसला की रडला ते वहिनीलाही नीट कळलं नाही. आणि एकदा श्वास सापडल्यावर मग काय विचारता. टकळी शिंप्याच्या झालरीबद्दल बोलली, वरच्याच्या कानांबद्दल बोलली, फळ्यांना निदान एक सतरंजी घालायला काय झालं होतं असं तिने विचारलं. स्ट्रेचरवर ती बोलत होती, रुग्णवाहिकेत बोलत होती. वहिनी तिच्या उशाशी बसून सगळं ऐकत होती, यातलं काही म्हणता काही तिने सोडून दिलं नाही. दवाखान्यात पाय सरळ करायची वेळ आली तेव्हा नर्स वैतागून म्हणाली की बाई, जरा गप्प बसाल का. टकळी खरंच थांबली. सवयच होती तिला, कुणी गप्प बस म्हटलं की आधी दादाकडे बघायची.

दादा अजून कावळ्याच्याच वेषात होता, एक पंख फाटलेला. त्याने तिचा हात हातात घेतला.

"नाही," तो नर्सला म्हणाला. "बोलू द्या तिला."